गिरगावच्या गढूळ पाण्यात

1850 सालची दिवाळी नुकतीच सरली आहे आणि तुम्ही गिरगावच्या वाळूत उभे आहात. मरीन ड्राइव्ह नाही, चर्नी रोड स्टेशन नाही. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटायला अजून अडीच वर्षं आहेत. पाठीमागे माडांच्या वाड्या, उजव्या हाताला मलबार हिल. भरती चढते आहे. कमरेइतक्या पाण्यात जा आणि डोकं बुडवा.

दिसत काहीच नाही. हात लांब केलात तर तुमचीच बोटं नाहीशी होतात. हा गाळ कुठल्या कारखान्याचा नाही, आपल्या किनाऱ्याचं पाणीच असं आहे. तेव्हा डोळे सोडा, ऐका. चहूकडून तडतड चालली आहे, ती चिमटे वाजवणाऱ्या कोळंब्यांची. तिच्याखाली खर्जात ढबढब, ढबढब. ते ढोमे मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून ढोमा ढोल वाजवतो, दुसऱ्या ढोम्यांसाठी. ऐकतं मात्र आणखी कुणीतरी. (फ्लोरिडात माशांचे असे आवाज पाण्यात वाजवले, तेव्हा तिथले डॉल्फिन त्या दिशेला वळले; हा प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला.)

आणि तो येतो. शिशाच्या रंगाचा, पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन, कोकणातला गादा. क्युव्हिएने 1829 मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून या जातीला शास्त्रीय नाव दिलं. खोल समुद्राशी त्याला देणंघेणं नाही. तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच वावरतो.

ढोलाच्या रोखाने वळून तो टिचक्या सोडू लागतो. त्या तुमच्या कानाच्या पट्टीच्या फार वरच्या आहेत, पण आज तुम्हाला ऐकू येतील असं धरून चालू. नाकाच्या मार्गात जन्मलेला आवाज कपाळातल्या चरबीतून एकवटून पुढे जातो, माशावर आपटतो आणि परततो. परतलेला आवाज तो खालच्या जबड्याने टिपतो. तिथली चरबी हा आवाज आतल्या कानाशी पोचवते. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर धावतो. मासा 30 मीटरवर असेल तर उत्तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात येतं, आणि ते आल्यावरच पुढची टिचकी. 3 मीटरवर तेच दहापट लवकर. अंतर घटतं तशा टिचक्या दाटत जातात, शेवटी त्यांची सलग गुणगुण होते. ढोमा उसळतो, वळतो. जबडा मिटतो. सुळक्यांसारखे दात फक्त पकडायला. चावणं नाहीच, मासा डोक्याकडून आख्खा गिळला जातो.

आता मार्च 2020. कोरोनामुळे रस्ते ओस आहेत, मलबार हिलसमोर डॉल्फिनचे व्हिडिओ निघताहेत आणि लोक म्हणताहेत, ते परत आले. हे वाक्य मला टोचतं. ते इथेच होते; खिडकीत उभं राहून पाहायची सवड आपल्याला पहिल्यांदा मिळाली. 2017 पासून जागतिक यादीत ही जात धोक्यात असलेली म्हणून नोंदलेली आहे.

आणि एकदा डोकं बुडवा, यंदाच्या एखाद्या कामाच्या दिवशी. बोटींची इंजिनं घरघरताहेत. गाद्याच्या टिचक्या या घरघरीच्या कितीतरी वरच्या पट्टीत असतात, त्या तिला सहसा पुरून उरतात. ढोम्याचा ढोल मात्र नेमका तिच्याच खालच्या पट्टीतला आहे. ढोमा तिथेच असतो, वाजवतही असतो. पण तो ऐकू यायला गाद्याला फार जवळ जावं लागतं.