सोमवारची धाप

कोणत्या धंद्यात माणूस किती झिजतो, हा प्रश्न मानवी श्रमाइतकाच जुना असावा. परंतु त्याचे उत्तर आकड्यांत मांडण्याची प्रथा मात्र फारशी जुनी नाही. इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी खात्यातील डॉ. विल्यम ओगल यांनी १८८५ साली एक तक्ता प्रसिद्ध केला. १८८० ते १८८२ या तीन वर्षांत २५ ते ६५ या वयोगटातील जे पुरुष मृत्यू पावले, त्यांची त्यांनी धंद्यांनुसार विभागणी केली. सर्व पुरुषांचे सरासरी मृत्युमान १,००० धरले, तर निरनिराळ्या धंद्यांचा आकडा किती येतो हे त्यात दाखविले होते. सर्वांत कमी आकडा निघाला तो धर्मगुरू आणि पाळक यांचा, ५५६. सर्वांत मोठा निघाला तो उपाहारगृहांतील व मद्यालयांतील नोकरांचा, २,२०५. आमच्या वाचकांना यातील पहिल्या आकड्याचे कौतुक वाटेल आणि दुसऱ्याचे कारण सांगण्याची गरज भासणार नाही.

तथापि त्या तक्त्याचे खरे मोल या दोन टोकांत नसून मधल्या ओळींत आहे, असे आम्हांस वाटते. कोळशाच्या खाणीत उतरणारा माणूस म्हणजे मृत्यूच्या दाढेत शिरणारा माणूस, अशी तेव्हाची लोकभावना होती आणि स्फोटांच्या वार्तांनी ती वेळोवेळी दृढ होत असे. प्रत्यक्षात कोळसा-खाणकामगारांचा आकडा आला ८९१, म्हणजे सरासरीहूनही कमी. उलट उजेडात, छपराखाली बसून मातीची भांडी घडविणाऱ्या कुंभारकामगारांचा १,७४२, कानशी तयार करणाऱ्यांचा १,६६७, आणि कॉर्नवॉल परगण्यातील कथिलाच्या खाणीत काम करणाऱ्यांचा १,८३९. कोळशाच्या खाणीत माणसे एकदम मरत, म्हणून त्यांची बातमी होई. कुंभाराच्या आणि कथिल-खाणकामगाराच्या फुप्फुसात दगडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे साचत जाई आणि तो आपल्या घरी, आपल्या खाटेवर, खोकत खोकत संपे. तेथे वार्ताहर जात नसे.

अर्थात अशा आकड्यांत एक खोच असते आणि ती ओगल यांच्याही ध्यानी आली होती. अंगमेहनतीच्या धंद्यात दुर्बळ माणूस टिकत नाही. छाती भरून आली की तो खाण सोडतो, हातगाडीवर भाजी विकू लागतो आणि मरतो तो फेरीवाला म्हणून. त्याचा मृत्यू फेरीवाल्यांच्या खाती जमा होतो. ओगल यांच्या तक्त्यात फेरीवाल्यांचा आकडा १,८७९ इतका प्रचंड आहे, त्याचे एक कारण हे असावे. ही खोच वाचकांनी लक्षात ठेवावी. मुंबईच्या गिरण्यांकडे वळल्यावर तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

ओगल यांच्या पूर्वी जवळजवळ दोनशे वर्षे इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होऊन गेले. मोडेना नगरात आपल्या घराचा शौचकूप उपसणारा माणूस अतिशय घाईने काम का करतो, असे त्यांनी त्याला विचारले. अधिक वेळ आत राहिल्यास डोळे जातात, असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने त्यांना धंद्याधंद्यांतील रोगांच्या शोधास लावले आणि १७०० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाच्या जुन्या प्रश्नांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली: तुम्ही काम काय करता? ताग व अंबाडी पिंजणाऱ्यांना त्या धुळीने एकसारखा खोकला लागतो, हेही त्यांनी लिहून ठेवले. त्या नोंदीचा धागा पुढे कापसापर्यंत येतो.

आता मुंबईकडे येऊ. कावसजी दावर यांची गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढील तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामास लावण्याची बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची सक्ती केली. मोठ्या माणसांच्या तासांविषयी तो मौन होता. अशा वेळी, सप्टेंबर १८८४ मध्ये, महात्मा फुले यांचे सहकारी व ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून एक निवेदन तयार केले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. त्यातील मागण्या पाहाव्यात. रविवारी पूर्ण सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि पाचवी मागणी अशी की, काम करताना ज्याला गंभीर दुखापत होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

ही पाचवी मागणी आम्हांस अत्यंत महत्त्वाची वाटते. जर्मनीत अपघात विम्याचा कायदा झाला तोही १८८४ सालीच. इंग्लंडमध्ये नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली आला. म्हणजे परळच्या मैदानात अंगठे उठविणारे निरक्षर कामगार जे मागत होते, ते राज्यकर्त्यांच्या स्वतःच्या देशातही अद्याप मिळत नव्हते. हिंदुस्थानात ती मागणी पुरी व्हावयास १९२३ चा कायदा आणि १ जुलै १९२४ हा अंमलाचा दिवस उजाडावा लागला. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची शुश्रूषा करता करता वारले होते.

रविवारची मागणी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत फळास आली. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालक संघाने आठवड्याची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला बळकटी दिली. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांना रविवार हा प्रभूचा दिवस म्हणून मिळाला. मुंबईच्या श्रमिकाला तो एका सत्यशोधकाच्या चळवळीतून मिळाला, याचे स्मरण आपल्या पानांवर व्हावयास हवे. त्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघाले. त्यात विश्रांतीचा हक्क तर आहेच. शिवाय असेही म्हटले आहे की, खाणीत काम करणाऱ्यांचे श्रम अधिक कठोर व प्रकृतीला अधिक बाधक असल्यामुळे त्या प्रमाणात त्यांचे तास कमी असावेत. सर्व धंदे एका मापाने मोजू नयेत हा विचार त्यात स्पष्ट आहे. पोपमहोदयांनी ओगल यांचा तक्ता पाहिला होता असे सुचविण्याचा आमचा मुळीच हेतू नाही.

आणि येथेच इतिहासातील एक विलक्षण गाठ आढळते. कापसाच्या धुळीने जो रोग होतो, त्याला वैद्यकात बिसिनोसिस म्हणतात. त्याची आरंभीची खूण अशी: आठवड्याची सुटी घेऊन कामगार परत कामावर आला की पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, धाप लागते; मंगळवारी ती ओसरते. पुढे पुढे ती मंगळवारी, बुधवारीही राहते आणि अखेरीस कायमची होते. लँकेशायरमधील गिरण्यांत १९५० नंतरच्या दशकात डॉ. रिचर्ड शिलिंग यांनी या पायऱ्यांची प्रतवारी बसविली. ज्या गिरणीत रविवारची सुटीच नाही, तेथे सोमवारही नाही. रोज सारखीच धूळ आणि रोज सारखाच खोकला. त्यातून हा आजार ओळखणार कोण? लोखंडे यांनी मिळविलेल्या सुटीने कामगाराला विसावा दिला, आणि त्याचा रोग कामातून येतो हे दाखविणारी फटही उघडून दिली.

ती फट पाहिली मात्र फार उशिरा गेली. इंग्लंडने या रोगाला भरपाई १९४० नंतर देऊ केली. आपल्याकडे तो विरळ आहे अशी समजूत दीर्घकाळ होती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी गिरणी कामगारांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला, त्यांचे निबंध १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. आणि तोवर मुंबईची गिरणी सव्वाशे वर्षांची झाली होती. ओगल यांच्या तक्त्यातही लँकेशायरच्या कापड कामगारांचा आकडा १,०८८, म्हणजे सरासरीहून किंचितच अधिक दिसतो. ब्लो रूम आणि कार्डिंग या खात्यांत, जेथे गाठी फोडून कापूस पिंजला जातो, तेथे धूळ दाट असते. विणाई खात्यात ती पुष्कळ कमी. सर्व खाती एकत्र मोजली की सरासरी सौम्य होते.

खात्यांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट नोंदविणे प्राप्त आहे. विणाई खात्यात धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. विटाळ होईल या कारणाने अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. पगार अधिक तो विणाईतच, म्हणून हे कामगार कमी वेतनाच्या त्रासन खात्यात, म्हणजे कताईकडे, अडकून पडले. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कोणाच्या वाट्याला कोणते काम व कोणती हवा यावी, हे यंत्र ठरवीत नव्हते.

१९२३ च्या कायद्याकडे पाहिले तर बोट तुटले, हात गेला, डोळा फुटला याचे दर त्यात टक्क्यांनिशी बांधून दिलेले आढळतात. रोगांची यादी मात्र आरंभी अगदी तोकडी होती: अँथ्रॅक्स, शिशाची बाधा, फॉस्फरसची बाधा. कापसाच्या धुळीचे त्यात नाव नव्हते. शिवाय एकाच मालकाकडे सलग सहा महिने नोकरी झालेली असेल तरच रोगाची भरपाई. मुंबईच्या गिरणीत रोज सकाळी फाटकापाशी उभा राहणारा, आज या खात्यात तर उद्या त्या गिरणीत लागणारा बदली कामगार ही अट कशी पुरी करणार? अपघात एका क्षणी, एका ठिकाणी, साक्षीदारांदेखत घडतो. धुळीचा रोग पंधरा-वीस वर्षांनी, चौथ्या मालकाकडे किंवा गावी गेल्यावर प्रकटतो. त्यामुळे कोणत्याही देशातील औद्योगिक आकडे वाचताना दुखापतींचा रकाना बराचसा विश्वसनीय आणि आजारांचा रकाना जवळजवळ रिकामा, असा अनुभव येतो. रिकामा रकाना म्हणजे निरोगी धंदा असा अर्थ लावणारे अहवाल कमी नाहीत.

याचे एक उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातून गेलेले आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवरच्या पेन्सिली तयार होत. यंत्राच्या करवतीने दगड कापावयाचा आणि उडणाऱ्या भुकटीत दिवसभर बसावयाचे, असे ते काम. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने १९८० नंतरच्या दशकात तेथील कामगारांची तपासणी केली, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस आढळला. ओगल यांच्या तक्त्यातील कुंभारकामगारांचा रोग हाच. त्यावर औषध नाही. उपाय एवढाच की धूळ जन्मते तेथेच ती ओढून घ्यावयाची. मुळाक्षरे गिरविताना आपल्या मुलांच्या बोटांना जी पांढरी भुकटी लागे, तिच्यामागे हे सर्व होते.

कारखान्याच्या भिंतीबाहेर तर मोजणीच पातळ होत जाते. मळणीयंत्रात हात जाऊन कित्येक शेतमजूर थोटे झाले, तेव्हा संसदेला १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयी स्वतंत्र कायदा करावा लागला. समुद्रावरील मासेमारीत जगभर दरवर्षी सुमारे २४ हजार माणसे जिवास मुकतात, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९९ चा अंदाज होता. जगातील अत्यंत धोक्याच्या धंद्यांत तिची गणना होते, आणि वसई-उत्तनच्या किनाऱ्यावरील आपल्या कोळी बांधवांना हे सांगण्यास जिनिव्हाची आवश्यकता नव्हती. कारखाना निरीक्षकाच्या नोंदवहीत होडी येत नाही. त्याच संघटनेने २०१९ सालाचे जे अंदाज पुढे प्रसिद्ध केले, त्यांत कामापायी होणारे मृत्यू वर्षाला २९ लाखांहून अधिक धरले आहेत. त्यांपैकी सुमारे ३ लाख ३० हजार अपघाती, उरलेले सर्व आजारांचे. म्हणजे ज्या एका मृत्यूची बातमी होते, त्यामागे जवळजवळ आठ मृत्यू निःशब्द.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला आणि त्यानंतर बहुतेक गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. आजारी, थकलेला कामगार गावी परत जातो, ही रीत त्याच्याही फार पूर्वीची होती. या वेळी धडधाकट आणि धापा टाकणारे असे दोघेही एकदम गेले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा येथील गावांत जाऊन कोणी शेती पाहू लागला, कोणी दुकान टाकले. त्यांच्यापैकी जे पुढे छातीच्या विकाराने वारले, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर धंदा लिहिला गेला असलाच तर शेती किंवा किरकोळ व्यापार असाच लिहिला गेला असावा.