दोन 'मी' : इंग्रजी सर्वनामांच्या विभक्तीचा इतिहास

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाला पहिला चकवा बसतो तो 'मी' या उच्चाराचा. आपल्या भाषेत तो कर्ता, तर इंग्रजीत कर्म. दार ठोठावणाऱ्याला आतून 'कोण?' असे विचारले, तर मराठी माणूस 'मी' म्हणतो आणि इंग्रजही 'इट इज मी' म्हणतो; परंतु इंग्रजाचे हे उत्तर शालेय व्याकरणाने दीर्घकाळ अशुद्ध ठरविले. प्रस्तुत लेखकाच्या वहीतही या शब्दाखाली लाल रेघ ओढली गेली होती. ती रेघ आली कोठून, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

प्राचीन इंग्रजी संस्कृतप्रमाणेच विभक्तिप्रधान होती. कालांतराने नामांचे प्रत्यय झिजले आणि कर्ता व कर्म शब्दाच्या जागेवरून ओळखले जाऊ लागले : क्रियापदापूर्वी कर्ता, नंतर कर्म. सर्वनामांनी जुनी रूपे राखली, पण तीही जशीच्या तशी नव्हेत. आज कर्मरूप मानले जाणारे 'हिम' हे मुळात चतुर्थीचे रूप होय. द्वितीयेचे रूप त्याच्यापुढे लोपले.

'इट इज मी' ही रचना याच स्थित्यंतरातून घडली. चौदाव्या शतकात चॉसर 'इट ॲम आय' असे लिहितो. तेथे क्रियापद अद्याप 'आय'शी जुळलेले आहे. पुढे वाक्यारंभीच्या 'इट'ने क्रियापद आपल्याकडे ओढले व 'इट इज आय' रूढ झाले. क्रियापदानंतरची जागा कर्माची, हा संस्कार दृढ होताच तेथे 'मी' येऊन बसला. हा अज्ञानाचा नव्हे, भाषेच्या बदललेल्या रचनेचा परिणाम होय.

याहून मोठी उलथापालथ 'यू'च्या बाबतीत झाली. पूर्वी अनेकवचनी कर्ता 'यी' आणि कर्म 'यू' असा भेद होता. १६११ च्या बायबल-भाषांतराने तो काटेकोरपणे पाळला. बोलीत मात्र तो तोवर ढासळला होता. अखेर कर्मरूपानेच कर्त्याची जागा घेतली. रॉबर्ट लाउथ याने १७६२ मध्ये आपले प्रसिद्ध व्याकरण लिहिले, तेव्हा 'यी' कर्मस्थानी वापरणाऱ्या कवींना त्याने दोष दिला. पण कर्तृस्थानी आलेल्या 'यू'सोबत 'वॉज' नव्हे, 'वेअर'च हवे, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे एक बंडखोर त्याने शिक्षेस पात्र ठरविला आणि दुसरा गादीवर बसला आहे हे मुकाट्याने मान्य केले. त्याचा समकालीन जोसेफ प्रीस्टली अधिक सावध होता. चांगल्या लेखकांची रूढी 'इट इज मी'च्या बाजूने असेल, तर नियमाने हट्ट धरू नये, अशी त्याची भूमिका होती. शाळांनी मात्र लाउथची परंपरा उचलली. लिंडली मरे याच्या १७९५ च्या व्याकरणाने ती दूरवर पोचविली.

'बिट्वीन यू अँड आय' हा प्रयोग शाळेतील धाकामुळे जन्मला, असे सर्रास म्हटले जाते. धाकाने तो वाढला असेल. पण १६०० मध्ये छापलेल्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये तो आढळतो. ज्या धाकाकडे बोट दाखविले जाते, तो तेव्हा शाळेत आलाच नव्हता.

आपल्या भाषांनी हाच प्रवास केला आहे. संस्कृत 'अहम्'चा वंश गुजराती 'हुं' व कोकणी 'हांव' यांत टिकला; मराठीचा 'मी' आणि हिंदीचा 'मैं' मात्र 'मया' या तृतीयेच्या रूपातून आले. ज्या 'मी'च्या बळावर आपण इंग्रजीतील 'मी'ला हसतो, तोही एके काळचा परका विभक्तिरूपधारी आहे. त्यास कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण त्याच्या वेळी लाल शाई घेऊन कोणी बसले नव्हते.

नियम निरर्थक आहेत, असा याचा अर्थ नव्हे. लेखनात 'आय' व 'मी' यांचा भेद आजही अर्थवाही आहे आणि विद्यार्थ्यास तो शिकविलाच पाहिजे. परंतु या देशात इंग्रजी सर्वनामाच्या एका चुकीवरून माणसाची विद्वत्ताच नव्हे, कुळशीलही जोखले जाते. भाषांतरकारालाही याचा अनुभव येतो. कादंबरीतील एखादे पात्र 'इट इज आय' म्हणते तेव्हा त्यातून त्याचा ताठा किंवा पुस्तकीपणा ध्वनित होतो. मराठीत केवळ 'मी आहे' लिहिले की तो पुसला जातो. त्याची भरपाई इतर शब्दांतून करावी लागते. ती करू पाहणाऱ्याने नियमाबरोबर त्या नियमाचे वयही जाणून घ्यावे, एवढेच सुचवावयाचे आहे.