नवे यंत्र, जुना कामगार आणि निवृत्तीचा हिशोब

सांगली जिल्ह्यातील कुंडलजवळ, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनलगत, 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. कुंडलमध्ये आज क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड सहकारी साखर कारखाना आहे. अशा भागात शेतीबरोबर कारखान्याचा पगारही घर चालवतो. यंत्रे बदलली की पन्नाशी ओलांडलेल्या कामगारापुढे प्रश्न उभा राहतो: नवे शिकायचे की लवकर बाहेर पडायचे?

कामात काय बदलते?

साखर कारखान्यात पॅनमॅन हे अनुभवाचे पद. उकळत्या पाकाचा नमुना काचेवर घेऊन, डोळ्यांनी आणि बोटांनी पारखून तो दाणा कसा धरतोय ते सांगतो. स्वयंचलित पॅनमध्ये हे काम सेन्सर आणि नियंत्रण कक्षातील संगणक करतात. यंत्रशाळेत साध्या लेथच्या जागी सीएनसी येते. अंगमेहनत कमी होते, ही वयस्कर कामगारांच्या दृष्टीने जमेची बाजू. पण पडद्यावरचे आकडे आणि इंग्रजी सूचना वाचाव्या लागतात. सेन्सर चुकला, तर मात्र जुनी नजरच कामी येते.

लवकर निवृत्ती किती महाग?

कर्मचारी पेन्शन योजना, 1995 (ईपीएस-95) नुसार किमान 10 वर्षे सेवा झालेल्याला 58 व्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. नोकरी सोडलेल्याला ती 50 नंतरही घेता येते. पण 58 ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षासाठी 4 टक्के कपात होते आणि ती कायम राहते. समजा, 55 पर्यंतच्या सेवेवर 3,000 रुपये पेन्शन बसते. ती लगेच सुरू केल्यास हाती सुमारे 2,650 रुपये येतात.

म्हणून नोकरी सोडणे आणि पेन्शन सुरू करणे हे दोन वेगळे निर्णय आहेत. काम सोडले तरी पेन्शन 58 पर्यंत थांबवता येते. मग कपात होत नाही. 60 पर्यंत थांबल्यास दरवर्षी 4 टक्के वाढ मिळते.

हंगामी कामगारांसाठी

गाळप हंगाम काही महिन्यांचाच असतो. तरीही या योजनेत हंगामी कामगाराची त्या वर्षातील सेवा पूर्ण वर्ष धरली जाते. त्यामुळे एक हंगाम आधी बाहेर पडल्यास पेन्शनच्या हिशोबातले एक पूर्ण वर्ष जाते. राजीनाम्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदीत सर्व हंगाम आणि जन्मतारीख बरोबर आहे ना, हे तपासावे.