ओट्यावरील वेताची खुर्ची : मुंबई उपनगरांतील वेतकामाची निवड, निगा आणि कारागीर यांचा इतिहास

प्रस्तावना

इतिहास शिकविताना आपण राजवटी, करार आणि चळवळी यांचा विचार करतो. ज्या खुर्चीवर बसून तो शिकविला जातो तिचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखक ज्या उपनगरी महाविद्यालयात अध्यापन करतो, तेथील शिक्षककक्षातील वेताच्या जाळीच्या खुर्च्या काही वर्षांपूर्वी निर्लेखित करून भंगारात काढण्यात आल्या. त्यांचे सागवानी सांगाडे शाबूत होते. केवळ बैठकीची जाळी फाटली होती. 'जाळी विणून देणारा मिळत नाही' एवढेच कारण सांगण्यात आले. हे कारण खरे असेल, तर तो माणूस कोठे गेला, हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१) मुंबई उपनगरांत वेताचे फर्निचर कोणत्या परिस्थितीत रुजले हे पाहणे.
२) त्याची निवड व निगा यांविषयीच्या पारंपरिक ज्ञानाची नोंद करणे.
३) या फर्निचरच्या ऱ्हासाचा कारागिरांच्या उपजीविकेशी असलेला संबंध तपासणे.

वेत आणि बांबू : परंपरा

बोलण्यात 'वेत-बांबू' असा जोडशब्द येत असला तरी या दोन भिन्न वनस्पती आहेत. बांबू हे पोकळ गवत आहे, तर वेत हा भरीव, काटेरी व वेलीसारखा चढणारा ताडवर्गीय वृक्ष आहे. भारतात वेताच्या सुमारे ६० जाती असून त्या मुख्यतः ईशान्य भारत, पश्चिम घाटाचा दक्षिण भाग आणि अंदमान येथे आढळतात. वेताचे आसन भारताला नवे नाही. कालिदासाच्या 'कुमारसंभवा'त हिमालय सप्तर्षींना वेत्रासनावर बसवितो, तर 'शाकुंतला'तील प्रतिहारीचे नावच वेत्रवती आहे. आसन आणि अधिकाराची काठी या दोन्ही रूपांत वेत आपल्याकडे होता. शाळेतील वेताच्या छडीने त्यातील दुसरे रूप अलीकडेपर्यंत टिकविले.

महाराष्ट्रात हे काम परंपरेने बुरूड समाजाकडे आले. बाराव्या शतकातील शरण मेदार केतय्या यांना हा समाज आपले आद्य संत मानतो. सूप, रोवळी, परडी, दुरडी, कणगी, पाळणा आणि अखेरची तिरडी, अशी जन्मापासून मरणापर्यंतची गरज बुरुडाने भागविली. महाराष्ट्रात हा समाज अनुसूचित जातींत गणला जातो, ही बाब येथे महत्त्वाची आहे. वस्तू घरोघरी हवी, पण ती घडविणारा गावाच्या कडेला, हा जातिव्यवस्थेचा नियम त्यालाही लागू होता. साष्टी तालुका ठाणे जिल्ह्यात असताना, १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे गॅझेटियरमध्ये बुरुडांची नोंद आहे. त्यांचे मूळ साहित्य बांबू होते. वेताची खुर्ची हे शहराने त्यांना दिलेले नवे काम होते.

उपनगराची घडण आणि खुर्चीचे आगमन

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे रेल्वे आणि १८६७ मध्ये पश्चिमेकडील उपनगरी गाडी सुरू झाली, तरी साष्टीतील गावे दीर्घकाळ भातशेती व बागायतीचीच राहिली. १८९६ च्या प्लेगनंतर मोकळ्या हवेची ओढ वाढली. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा स्थापन झाला आणि १९२२ च्या सुमारास मुलुंडची चौकटीच्या आखणीवर नगररचना झाली. या काळातील बैठ्या घरांना व बंगल्यांना पुढे व्हरांडा आणि भोवती थोडी बाग असे. आंबोली, मरोळ येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणांत ओटा आधीपासूनच होता. ओटा ही ना पुरती घरातील, ना पुरती रस्त्यावरील जागा. तेथे हलकी, सहज उचलता येणारी, दमट हवेत पाठीला वारा लागू देणारी खुर्ची हवी होती. वेताने ही गरज नेमकी भागविली.

याला जागतिक व्यापाराचीही बाजू आहे. आशियातील वेत सतराव्या शतकात व्यापारी कंपन्यांमार्फत युरोपात पोहोचला आणि विणलेल्या बैठकीची खुर्ची तेथे रूढ झाली. एकोणिसाव्या शतकात सिंगापूर ही वेताची मोठी पेठ बनली. अमेरिकेत सायरस वेकफील्ड याने बॉस्टनच्या धक्क्यावर टाकून दिलेल्या वेतापासून उद्योग उभारला, तर ऑस्ट्रियातील थोनेटच्या १८५९ च्या वाकवलेल्या लाकडी खुर्चीची बैठक वेताचीच होती. म्हणजे आशियाचे साहित्य युरोपात जाऊन नवे रूप घेऊन परत आले. कालिदासाचे वेत्रासन विसरलेल्या आपल्या मध्यमवर्गाने वेताची खुर्ची मात्र 'साहेबी' म्हणून स्वीकारली, असे म्हणावे लागेल.

निवडीचे ज्ञान

जाणते ग्राहक खुर्ची निवडताना रंगाकडे न पाहता ती उलटी करून पाहत. सांगाड्याचा वेत जाड व एकसंध आहे काय, वाकविलेल्या ठिकाणी चीर गेली आहे काय, सांधे केवळ खिळ्यांवर आहेत की वेताच्या सालीने घट्ट बांधलेले आहेत, हे तपासले जाई. समुद्राकाठच्या हवेत खिळा गंजतो आणि गंजलेला खिळा भोवतालचा वेत कुजवितो. म्हणून बांधणी महत्त्वाची. पृष्ठभागावर टाचणीएवढी गोल छिद्रे आणि खाली पिठासारखा भुसा दिसला, तर कीड लागली असे समजावे. ही कीड पिष्टमय अंशावर जगते. बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी रीत तो अंश धुऊन काढण्यासाठीच होती. आज त्यासाठी बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण वापरतात.

निगेचे ज्ञान

'बागेतील फर्निचर' असे नाव असले तरी खरा वेत पावसात ठेवण्यासाठी नाही. उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणून जूनपूर्वी वॉर्निशचा हात देणे, खुर्च्या आत किंवा वळचणीखाली घेणे आणि पायांना रबरी बुटे घालणे हा घरोघरचा क्रम असे. प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळल्यास आत दमटपणा कोंडून बुरशी वाढते, त्यापेक्षा वारा लागू देणे बरे. बुरशी दिसल्यास सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवावे. याउलट कडक उन्हात वेत ठिसूळ होऊन तडकतो. तेव्हा ओल्या फडक्याचा हात फिरविणे उपयुक्त ठरते. जाळी सैल पडल्यास ती खालच्या बाजूने भिजवून रात्रभर वाळू द्यावी. वरची तुकतुकीत साल पाणी घेत नाही, खालची बाजू घेते, आणि वाळताना जाळी पुन्हा ताणली जाते. या निगेसाठी पैसा फारसा लागत नाही. ऋतूचे भान लागते.

दुरुस्तीचे हात

मात्र घरची निगा एका मर्यादेपर्यंतच चालते. जाळी फाटली की ती पुन्हा विणावी लागते. चौकटीच्या भोकांतून सालीच्या पट्ट्या दोनदा उभ्या, दोनदा आडव्या आणि दोन्ही दिशांनी तिरप्या ओवल्या की अष्टकोनी छिद्रांची जाळी तयार होते. या कामाला दृष्टीपेक्षा बोटांची मोजणी अधिक लागते. त्यामुळे अंध व्यक्तींच्या व्यवसाय-प्रशिक्षणात खुर्ची विणण्याला जगभर स्थान मिळाले. मुंबईत १९०० च्या आसपास दादर व ताडदेव येथे अंधांच्या शाळा सुरू झाल्या आणि १९५२ मध्ये राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला. सरकारी कार्यालयांतील वेताच्या खुर्च्या हा अंध कारागिरांच्या रोजगाराचा एक आधार होता. शासनात खुर्ची विणणाऱ्याचे पदही अंधांसाठी निश्चित झाले. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने आरक्षण दिले, परंतु त्याच दशकात एकसंध साच्यातील प्लॅस्टिकची खुर्ची सर्वत्र पसरली. पद कागदावर राहिले आणि विणण्यासाठी खुर्चीच उरली नाही. कायदा हक्क देऊ शकतो. त्या हक्काला लागणारे काम बाजार परस्पर काढून घेतो, हे येथे स्पष्ट दिसते.

बुरुडांची अडचण निराळी होती. बैठी घरे पडून इमारती झाल्या आणि ओटा संपला. २०११ च्या जनगणनेनुसार उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर गेली. सज्जासुद्धा खोलीत सामावून घेतला जाऊ लागला. कच्चा मालही महागला, कारण इंडोनेशियाने २०१२ मध्ये कच्च्या वेताची निर्यात बंद केली. १९२७ च्या वन अधिनियमातील 'वृक्ष' या व्याख्येतून २०१७ मध्ये बांबू वगळला गेला. वेत मात्र त्या व्याख्येत राहिला. आज गच्चीवरील बागांत 'वेताचे' म्हणून जे फर्निचर मांडले जाते, ते बहुधा प्लॅस्टिकच्या पट्टीचे असते. ते पावसात टिकते हे खरे. पण पट्टी तुटल्यावर त्याची दुरुस्ती क्वचितच होते.

याउलट चंदीगढच्या सरकारी कार्यालयांसाठी पिएर जानेरे यांनी १९५० च्या दशकात घडविलेल्या साग-वेताच्या खुर्च्या भंगारातून परदेशी लिलावांत पोहोचल्या आणि २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. मूल्य रचनाकाराच्या नावाला मिळाले. जाळी विणणाऱ्या अनाम हातांची नोंद झाली नाही.

निष्कर्ष

१) वेताचे फर्निचर उपनगरांत रुजले ते ओटा, बाग आणि दमट हवा यांच्या मेळामुळे, ओटा गेल्यावर त्याची जागा गेली.
२) वेताची खुर्ची स्वतःच्या बळावर टिकाऊ नाही, ती दुरुस्त करता येण्याजोगी आहे. तिचे आयुष्य ऋतुमानानुसारच्या निगेवर आणि हाकेच्या अंतरावरील कारागिरावर अवलंबून असते. म्हणून खुर्चीची निवड ही पर्यायाने कारागिराचीही निवड असते.
३) तिच्या ऱ्हासाचा भार दोन वंचित घटकांवर, म्हणजे बुरूड समाज आणि अंध कारागीर यांच्यावर पडला.

'विणणारा मिळत नाही' हे कारण अर्धेच खरे आहे. आपण काम देणे थांबविले, म्हणून तो मिळेनासा झाला. महाविद्यालयांच्या भांडारांत आजही अशा खुर्च्या असतील. निर्लेखनाच्या यादीवर स्वाक्षरी करण्यापूर्वी अंधांच्या एखाद्या कार्यशाळेकडे वा जवळच्या बुरुडाकडे एकदा चौकशी व्हावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.