पडद्याची भिंत झाली

संगीत नाटकाच्या जमान्यात कंपनीचा निम्मा संसार पडद्यांत गुंडाळलेला असे. रत्नागिरीसारख्या गावी बोटीने जायचं झालं, तरी महाल, रस्ता आणि अरण्य बांबूला गुंडाळून बरोबर नेता येत. त्या पडद्यांचे राजे होते कोल्हापूरचे दोघे मेस्त्री, आनंदराव आणि त्यांचा नात्यातला भाऊ बाबूराव. लोकांनी त्यांचं आडनावच पेंटर करून टाकलं. केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या कंपन्या त्यांच्याकडून पडदे रंगवून घेत.

पडद्याऐवजी उभारलेल्या भरीव नेपथ्याचं कूळ शोधताना मला याच घरापाशी थांबावं लागतं. पडद्याची ताकद ज्याला ठाऊक, त्यालाच त्याची मर्यादाही आधी कळली.

फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला आणि या भावांना सिनेमाचं वेड लागलं. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम चालू ठेवलं आणि 1918 साली कोल्हापुरात स्वदेशी कॅमेरा तयार झाला. फिल्म क्षणभर थांबवायची, उजेड घ्यायचा, पुन्हा नेमकी तेवढीच पुढे सरकवायची. सगळी करामत त्या थांबण्या-सरकण्यात. मेस्त्र्याच्या घरात वाढलेल्या हातांना धातू आणि लाकूड परकं नव्हतं.

पण कॅमेऱ्याने पडद्याचं गुपित फोडलं. रंगवलेल्या खांबाची सावली एकीकडे, उभ्या नटाची दुसरीकडे. नट जरा मागे सरकला की त्याची सावली थेट 'दूरच्या' डोंगरावर. रंगमंचावरच्या मिणमिणत्या दिव्यांत हे खपून जाई, उन्हातल्या चित्रीकरणात नाही. म्हणून बाबूरावांनी खरे खांब, खऱ्या कमानी, खोली असलेले देखावे उभारायला घेतले. वेषभूषा आणि पात्रांची रूपं ते आधी कागदावर रेखाटत. चित्रपटांची पोस्टरंही स्वतः रंगवत. दृश्याची एवढी सगळी अंगं एका माणसाने पेलल्याचं दुसरं उदाहरण त्या काळात मला तरी दिसत नाही.

बाबूरावांचा 'सैरंध्री' 1920 साली पुण्यात लागला. तो पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हटलं. 1923 च्या 'सिंहगड'मध्ये बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला, म्हणजे सावलीही आता त्यांच्या ताब्यात आली. 1925 च्या 'सावकारी पाश'मध्ये महालही गेले आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचं झोपडं रुपेरी पडद्यावर आलं.

रंगभूमीवर भिंत उभी राहायला आणखी काही वर्षं लागली. 1933 साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं, तेव्हा खऱ्या दिवाणखान्यासारखा दिवाणखाना मंचावर आला. आणि बाबूरावांच्या हाताखाली शिकलेले दामले, फत्तेलाल, शांताराम तोवर प्रभात फिल्म कंपनीत मोठमोठे सेट बांधत होते.