तंतूंचे बळ, सांध्याची परीक्षा

सांगलीच्या विश्रामबागेतील अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले. पुढे त्याला वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. सोलापूरच्या याच वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला विमानांचा कारखाना काढला होता. विमान हलके हवे आणि बळकटही हवे. मग ते बनवावे कशाचे? हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

पहिली विमाने लाकूड आणि कापडाची होती. लाकूड हा निसर्गाने घडवलेला संमिश्र पदार्थच. त्यात सेल्युलोजचे तंतू असतात आणि लिग्निन त्यांना धरून ठेवते. तंतूंच्या दिशेने ओढले तर लाकूड दाद देत नाही. पण तंतूंमध्ये पाचर मारली की सहज चिरते. म्हणून प्लायवुडमध्ये पातळ थर उभे-आडवे चिकटवतात. ब्रिटिशांचे मॉस्किटो हे विमान याच युक्तीवर उभे होते. नोव्हेंबर १९४० मध्ये ते प्रथम उडाले. त्याच्या सांगाड्यात प्लायवुडच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड होते.

१९४४ मध्ये मात्र भारतात काही मॉस्किटो विमाने हवेतच मोडली. संशय गोंदाने सांधलेल्या जोडांवर गेला. दोष कारखान्यातल्या जोडकामाचा की इथल्या उष्ण, दमट हवेचा, यावर वाद झाला. धडा मात्र स्पष्ट होता: तंतू कितीही बळकट असले, तरी त्यांना धरून ठेवणारे द्रव्य कच्चे असेल तर सारे व्यर्थ!

पुढचा काळ धातूचा. बंगलोरच्या त्याच कारखान्यात कोल्हापूर जिल्ह्याचे डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एचटी-२ हे प्रशिक्षण विमान रचले. ऑगस्ट १९५१ मध्ये ते उडाले. ते संपूर्ण धातूचे होते.

१९६० च्या दशकात जपान व इंग्लंडमध्ये कार्बनचे तंतू तयार होऊ लागले आणि चक्र पुन्हा तंतूंकडे फिरले. हा तंतू केसाहून बारीक असतो. तितक्याच आकारमानाच्या पोलादाच्या जेमतेम पाव वजनाचा, पण ताण सोसण्यात त्याच्या वरचढ. मात्र सुटा तंतू दोऱ्यासारखा लवतो. म्हणून तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांना रचून, इपॉक्सी राळेत बसवून, उष्णता व दाब देऊन घट्ट करतात. प्लायवुडचीच ही युक्ती! ४ जानेवारी २००१ रोजी प्रथम उडालेल्या तेजसच्या सांगाड्याचे सुमारे ४५ टक्के वजन अशा संमिश्र पदार्थांचे आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकला बांधलेले तेजसही उडाले.

१९४४ चा धडा इथेही लागू आहे. थरांमध्ये अडकलेली हवा किंवा सुटलेला सांधा वरून दिसत नाही. त्यामुळे सोनोग्राफीप्रमाणे ध्वनिलहरी सोडून प्रत्येक महत्त्वाचा भाग तपासावा लागतो.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. वर्तमानपत्राचा कागद एकदा उभा आणि एकदा आडवा फाडा. एका दिशेने तो सरळ फाटेल, दुसरीकडे वेडावाकडा. असे का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. कागद बनताना त्यातले बहुतेक तंतू कोणत्या दिशेला वळले, याचे उत्तर त्यांच्या हातातच असेल.