कोळशाच्या भट्टीपासून गाडीच्या मेंदूपर्यंत

मोटार एका इंधनावरून दुसऱ्यावर न्यायची आणि गरज सरली की परत आणायची, हा उद्योग आपल्याकडे नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात 1941 साली पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिथले तेलही गेले. तेव्हा प्रवासी गाड्यांच्या मागे लोखंडी भट्टी बसवत. तिच्यात लोणारी कोळसा अर्धवट जाळायचा, निघणारा धूर गाळून थंड करायचा आणि इंजिनाला पाजायचा. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हेच इंधन. बऱ्याच गाड्या थोड्या पेट्रोलवर सुरू करून मग कोळशाच्या गॅसवर घेत. म्हणजे दोन इंधनांच्याच गाड्या म्हणायच्या! जोर मात्र कमी पडे, चढाला दम लागे.

युद्ध संपले, पेट्रोल आले, तशा भट्ट्या उतरल्या. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून आमच्या नगरला आली तोवर तो जमाना सरत आला होता. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की भट्टी काढायला मिस्त्री आणि पाना पुरे होता. कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला की गाडी पेट्रोलची. इंजिनाला आठवण नव्हती, त्यामुळे तक्रारही नव्हती.

पुढची तीस-चाळीस वर्षे हेच चालले. 1984 साली मारुतीची व्हॅन आली, 1988 पासून तिला ओम्नी म्हणू लागले. तीन सिलिंडरचे 796 सीसीचे इंजिन. मिस्त्री कान लावून स्क्रू पाव आटा फिरवायचा आणि 'आता लागली सुरात' म्हणायचा. सारी विद्या कानात आणि बोटांत.

मग हवा बिघडली. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायला सांगितले. फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्याच वर्षी देशभर धुराचे नवे नियम लागले आणि 2005 मध्ये भारत स्टेज दोन. नेमके मोजून इंधन द्यायचे तर कार्ब्युरेटर पुरेना. परदेशात बॉशने 1979 मध्येच इंधन आणि ठिणगी दोन्ही सांभाळणारा कॉम्प्युटर गाडीत बसवला होता, तो आता आपल्या व्हॅनमध्येही शिरला. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात.

परवा आमच्या पुतण्याने त्याची जुनी पेट्रोल-सीएनजी व्हॅन नुसत्या पेट्रोलवर आणायला काढली. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी, पंपावरची रांग, मागची जागा अडलेली. कांद्याच्या गोण्या ठेवायच्या कुठे? टाकी उतरली, नळ्या निघाल्या. तरी मिस्त्री म्हणाला, "गुर्जी, एवढ्यानं भागत नाही. हिचा मेंदूच बदलायला लागंल."

कारण सोपे आहे. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, सीएनजीला सुमारे 17. ठिणगीची वेळही वेगळी. 2010 साली मारुतीने ईकोसारख्या गाड्यांत कारखान्यातच सीएनजी दिला, तेव्हा एकमेकांशी बोलणारे दोन कॉम्प्युटर बसवले. जोडीतला एक काढला की दुसरा त्याला शोधत बसतो आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. म्हणून त्याच मॉडेलचा, नुसत्या पेट्रोलचा कॉम्प्युटर हवा. त्यात किल्लीची ओळख साठवलेली असेल, तर तीही नव्याने पटवून द्यावी लागते. शिवाय गाडीच्या कागदावरचे इंधन आरटीओतून बदलून घ्यायचे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 त्यासाठीच आहे. ते केले नाही तर अपघातानंतर विम्याच्या वेळी तोंड पाहत बसायची पाळी.

मंडळी, कॉम्प्युटरला नावे ठेवावीत असे मला वाटत नाही. त्याच्यामुळे गाड्या कमी धूर सोडतात आणि तो धूर शाळेत जाणारी पोरेच छातीत ओढत असतात. पण एक गोष्ट हातातून निसटली. कोळशाची भट्टी गावच्या लोहाराला समजत होती. या बंद डबीत काय लिहिले आहे ते पाहायला कंपनीचे यंत्र आणि कंपनीची परवानगी लागते. नवी डबी महाग, म्हणून लोक भंगारातली आणतात आणि ती चालली तर नशीब.

2022 मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही आहेत. शहरातल्या माणसाला हा विषय किरकोळ वाटेल. पण ज्याची रोजची कमाई एका व्हॅनवर आहे, त्याची गाडी आठ दिवस उभी राहिली तर चुलीवर परिणाम होतो. आपल्या वस्तूची नाडी आपल्या गावातल्या माणसाला तपासता यावी, एवढेच तर मागणे आहे. मिस्त्रीची मुले आता कानाऐवजी स्कॅनर लावतात. शिकायची त्यांची तयारी आहे. पुस्तक तेवढे उघडून द्यायला हवे.